दम आणि दमा

दम आणि दमा. लिहिताना या दोन शब्दांत एका कान्याचा फरक. पण शरीरात हा फरक फार मोठा आहे. तो ओळखता आला नाही म्हणजे घोटाळा होतो. दमा असलेल्या माणसाला लोक आळशी म्हणतात. आणि ज्याला दुसरेच दुखणे आहे, तो दम्याची औषधे घेत बसतो. म्हणून हा धडा सावकाश वाचा. घरात कोणाला धाप लागत असेल तर त्यालाही वाचून दाखवा.

दम कोणाला लागत नाही? डोक्यावर हंडा घेऊन चढ चढलो, धान्याचे पोते उचलले, सुटलेल्या वासरामागे धावलो, की श्वास वाढतो. छाती धपापते. मग जरा टेकले, घोटभर पाणी प्यायले, की चार-पाच मिनिटांत श्वास जागेवर येतो. हा साधा दम. हे दुखणे नव्हे.

दम्याची चाल निराळी आहे. काम सुरू केले की पहिली काही मिनिटे बरी जातात. मग खोकला येऊ लागतो. छाती आवळल्यासारखी वाटते. श्वास सोडताना सूं सूं अशी शिटी वाजते. आणि गंमत बघा, काम थांबवले तरी त्रास थांबत नाही. उलट बसल्यावर पाच-दहा मिनिटांनी तो जास्त वाढतो. पुढे अर्धा-पाऊण तास, कधी तासभर तो टिकतो. साधा दम बसल्यावर उतरतो. दमा बसल्यावर चढतो. ही पहिली खूण.

लहान मुलांना हे सांगता येत नाही. ती खेळातून मध्येच बाजूला होतात. धावून आल्यावर खोकत बसतात. कोणी हसले की खोकतात, रडले की खोकतात. रात्री, पहाटे खोकल्याने उठतात. अशा मुलाला "अंगचोर आहे" म्हणून रागावू नका. त्याला दवाखान्यात न्या.

छातीत काय होते?

आपल्या छातीत झाडासारख्या नळ्या आहेत. झाड उलटे धरले आहे असे समजा. खोड वर, गळ्याकडे. फांद्या खाली, दोन्ही फुप्फुसांत. या फांद्या म्हणजे हवेच्या नळ्या. त्यांच्याभोवती बारीक स्नायूंचे वेढे असतात. आतून पातळ, ओलसर अस्तर असते.

दमा असलेल्या माणसाच्या नळ्यांचे अस्तर नेहमी थोडे सुजलेले असते. बरे वाटत असतानाही ही सूज आत असते. त्यामुळे या नळ्या फार हळव्या होतात. जरा काही खुपले की स्नायू आवळतात, अस्तर फुगते, चिकट कफ सुटतो. नळी अरुंद होते. मग हवा आत जाताना आणि बाहेर येताना अडते. अरुंद नळीतून वारा गेला की शिटी वाजते. तीच ही सूं सूं.

आता कामाचा आणि याचा संबंध पाहू. आपण स्वस्थ बसलो की मिनिटाला साधारण ६ ते ८ लिटर हवा आत घेतो. ती नाकातून जाते. नाक ही मोठी सोय आहे. हवा तिथे गाळली जाते, कोमट होते, ओली होते. पण जोराने धावू लागलो की मिनिटाला ५० लिटरच्या वरही हवा लागते. तेवढी नाकातून पुरत नाही. म्हणून आपण तोंड उघडतो. मग थंड, कोरडी हवा थेट नळ्यांत शिरते. ती अस्तराचा ओलावा ओढून घेते. उन्हाळ्याच्या वाऱ्याने ओले धोतर वाळावे तसे हे होते. अस्तर कोरडे पडले की हळव्या नळ्या आवळतात. हाच श्रमाने येणारा दमा.

म्हणून पौष-माघाच्या गार पहाटे धावताना हा त्रास अधिक होतो. सर्दी-पडसे झालेले असताना अधिक होतो. मळणीची धूळ, उफणणीचा भुसा, चुलीचा धूर, विडीचा धूर यांत काम केले तर अधिक होतो. न थांबता लांब धावण्याने जास्त होतो, थोडे धावून थोडे थांबण्याने कमी होतो. चालण्याने आणखी कमी. पोहताना हवा दमट असते, त्यामुळे पुष्कळांना पोहणे सोसते. मात्र विहिरीत एकट्याने कधी उतरू नये.

श्रमाने धाप लागते ही गोष्ट आपल्या जुन्या वैद्यांनाही ठाऊक होती. चरकसंहितेत श्वासाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतला एक श्रमाने येतो, असे तिथे म्हटले आहे. तमकश्वास म्हणून दुसरा सांगितला आहे. त्यात रोग्याला आडवे पडवत नाही, उठून बसले की बरे वाटते. म्हणजे दम आणि दमा यांतला भेद तेव्हाही लोक पाहत होते.

बसून राहू नका

"दमा आहे ना, मग तू धावू नकोस, खेळू नकोस." घराघरांत हे ऐकू येते. मुलींना तर फारच. हे बोलणे मायेचे असते, पण ते बरोबर नाही. बसून राहिले की अंगातली ताकद जाते. मग थोड्या कामानेही धाप लागते. पुन्हा माणूस अधिक बसतो. असा फेरा सुरू होतो.

अमेरिकेतली जॅकी जॉयनर-कर्सी ही बाई बघा. तिला दमा होता. तरी १९८८ साली सोल येथील ऑलिंपिक सामन्यांत तिने दोन सुवर्णपदके मिळवली. सात खेळांच्या स्पर्धेत तिने ७२९१ गुण मिळवून जगाचा विक्रम केला. त्याआधी १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या ५९७ खेळाडूंपैकी ६७ जणांना श्रमाने येणारा दमा होता. त्या ६७ जणांनी मिळून ४१ पदके जिंकली. दमा होता, पण तो त्यांनी ताब्यात ठेवला होता. ताब्यात ठेवणे हाच खरा मुद्दा.

कामाआधी काय करावे?

पहिली गोष्ट, एकदम जोर करू नये. बैलगाडीसुद्धा एकदम पळत नाही. शाळेत धावायचे असेल, कबड्डी खेळायची असेल, तर आधी १० ते १५ मिनिटे अंग तापवावे. थोडे चालावे, मग भरभर चालावे, मग थोडे धावावे, थोडे थांबावे. यामुळे पुष्कळांचा त्रास कमी होतो. काम संपवतानाही एकदम बसू नये. हळूहळू चालत थांबावे.

दुसरी गोष्ट, थंडीत नाका-तोंडावर मफलर, उपरणे किंवा पदर घ्यावा. श्वासाची वाफ कापडात राहते, तीच हवा ओली करते. शक्य तितका श्वास नाकाने घ्यावा. उफणणी करताना वारा पाठीकडून येईल असे उभे राहावे. फडके दमट करून तोंडाला बांधावे.

तिसरी गोष्ट, डॉक्टरांनी सांगितले असेल तर कामाच्या १०-१५ मिनिटे आधी पंप घ्यावा. याने साधारण दोन-तीन तास नळ्या मोकळ्या राहतात. पण हे पंपाचे औषध कोणते, किती दाब घ्यायचे, हे डॉक्टरांकडूनच समजून घ्यावे.

चौथी गोष्ट, ज्या दिवशी सर्दी-खोकला आहे, आधीच छाती वाजते आहे, त्या दिवशी जोराचे काम टाळावे. काम करताना त्रास सुरू झाला तर लगेच थांबावे. ताठ बसावे, पंप घ्यावा. छाती पूर्ण मोकळी झाल्याशिवाय पुन्हा कामाला लागू नये.

वारीला जाणाऱ्यांनीही हे ध्यानात धरावे. दिवे घाटाचा चढ भरभर चढू नये. गर्दीत पिशवी हरवते. म्हणून एक पंप पिशवीत आणि एक खिशात किंवा कनवटीला असावा. दिंडीतल्या सोबत्याला आपले दुखणे सांगून ठेवावे.

पंपाची गोष्ट

पंप कसा निघाला, ते ऐकण्यासारखे आहे. पूर्वी दम्याचे औषध काचेच्या फुग्याने फवारावे लागे. अमेरिकेतल्या एका औषध कंपनीच्या प्रमुखाला १३ वर्षांची मुलगी होती. तिला दमा होता. केसांवर मारायच्या फवाऱ्यासारखे माझे औषध का नाही, असे तिने वडिलांना विचारले. त्यातून १९५६ साली हातात मावणारा पंप बाजारात आला. लेकराच्या प्रश्नाचा असा उपयोग झाला.

आता नीट वाचा. पंप साधारण दोन प्रकारचे असतात.

एक सुटकेचा. याने आवळलेले स्नायू सैल होतात. पाच-दहा मिनिटांत आराम पडतो. साल्ब्युटामॉल हे यातले नेहमीचे औषध. पण याने आतली सूज जात नाही.

दुसरा रोजचा. यात सूज कमी करणारे औषध असते. याने लगेच आराम वाटत नाही. गुण यायला काही आठवडे लागतात. म्हणून लोक कंटाळून सोडून देतात. इथेच चुकते. आग लागली की पाणी मारतो तो सुटकेचा पंप. आगच लागू देत नाही तो रोजचा पंप.

काही पंपांत दोन्ही औषधे एकत्र असतात. २०१९ सालापासून दम्यावरील जागतिक मार्गदर्शक सूचनांत असे सांगितले आहे, की मोठ्या माणसांनी फक्त सुटकेच्या पंपावर राहू नये. सूज कमी करणारे औषध बरोबर हवे. तुम्हाला सुटकेचा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागतो का? रात्री खोकल्याने जाग येते का? तसे असेल तर तुमचा दमा ताब्यात नाही. डॉक्टरांना जाऊन सांगा.

पंपाचा रंग पाहून ओळखू नका. निरनिराळ्या कंपन्यांचे रंग निरनिराळे असतात. नाव वाचा. आता तुम्हाला वाचता येते. औषधाचे नाव, संपण्याची तारीख आणि उरलेल्या दाबांचा आकडा, या तीन गोष्टी दर वेळी वाचा. पंपावर आकडा दिसत नसेल तर हिशेब करा. समजा, पंपात २०० दाब आहेत आणि रोज ४ लागतात. २०० ला ४ ने भागा. पंप ५० दिवस जाईल. पंधरवडा आधीच दुसरा आणून ठेवा. काही जण आतली डबी पाण्यात टाकून ती तरंगते का पाहतात. त्या परीक्षेवर भरवसा ठेवू नका.

पंप घ्यावा कसा?

पंप चुकीचा घेतला तर औषध जिभेवर बसते, छातीत जात नाही. म्हणून ही रीत पाठ करा.

१. टोपण काढा. पंप चांगला हलवा.
२. ताठ बसा किंवा उभे राहा. श्वास पूर्ण बाहेर सोडा.
३. पंपाचे तोंड ओठांत घट्ट धरा.
४. सावकाश श्वास आत घ्यायला लागा, आणि लागताच पंप एकदा दाबा. श्वास आत ओढत राहा.
५. तोंड मिटून दहापर्यंत मोजा. मग श्वास सोडा.
६. दुसरा दाब घ्यायचा असेल तर अर्धा-एक मिनिट थांबा. पुन्हा पंप हलवा.
७. रोजच्या पंपानंतर चूळ भरा, पाणी थुंकून टाका. नाहीतर तोंड येते, आवाज बसतो.

दाबणे आणि ओढणे एकाच वेळी जमत नसेल तर स्पेसर घ्यावा. हे प्लॅस्टिकचे पोकळ भांडे असते. एका टोकाला पंप, दुसऱ्या टोकाला आपले तोंड. मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना तर स्पेसर हवाच.

काही यंत्रांत कॅप्सूल घालून भुकटी ओढायची असते. ती कॅप्सूल गिळायची नसते, बरे का! गोळी समजून गिळणारे लोक आहेत. ती यंत्रात घालायची, यंत्र फिरवायचे आणि श्वास जोराने, भरभर आत ओढायचा. यंत्रात फुंकर मारायची नाही. फुंकरीने भुकटी ओली होते.

लोक काय म्हणतात?

"पंपाची सवय लागते." सवय विडीची लागते. पंपाची नाही. चष्मा रोज लावावा लागतो, म्हणून त्याला कोणी व्यसन म्हणत नाही. दमा पुष्कळदा बरीच वर्षे राहतो, म्हणून औषधही बरीच वर्षे घ्यावे लागते.

"पंप फार जहाल, गोळी बरी." हिशेब बघा. साल्ब्युटामॉलच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम औषध असते. गोळीत २ किंवा ४ मिलिग्रॅम. म्हणजे एका दाबाच्या २० ते ४० पट. गोळी साऱ्या अंगात फिरते, हात कापतात, छाती धडधडते. पंप जिथे काम आहे तिथेच थोडे औषध पोहोचवतो.

"हैदराबादेला माशाचे औषध घेतले की दमा जातो." मृगाच्या सुमाराला आपल्याकडचे पुष्कळ लोक तिकडे जातात. जिवंत छोट्या माशाच्या तोंडात औषध घालून तो गिळायला देतात. त्याने दमा जातो असे शास्त्राच्या कसोटीवर सिद्ध झालेले नाही. कोणी श्रद्धेने गेला तरी त्याने आपला पंप सोडू नये. पंप एकाएकी सोडल्याने जिवावर बेतते.

धाप म्हणजे दमाच असे नाही

बाईच्या अंगात रक्त कमी असले तरी चार पावलांत धाप लागते. ती फिकी दिसते, चक्कर येते. तिला पंप नको, रक्ताची तपासणी हवी. चढताना छातीत कळ येत असेल, दरदरून घाम येत असेल, पाय सुजत असतील, तर हृदयाचे दुखणे असू शकते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, ताप येत असेल, वजन घटत असेल, तर क्षयाची तपासणी करावी. वर्षानुवर्षे विडी ओढणाऱ्यांना आणि चुलीच्या धुरात बसणाऱ्यांना फुप्फुसांचा दुसराही जुनाट आजार होतो. म्हणून आधी डॉक्टरांची परीक्षा, मग औषध. तिथे फुंकायला सांगतात, न घाबरता फुंका. नळ्या किती अरुंद आहेत ते त्यावरून कळते. आणि अंगदुखीची गोळी, रक्तदाबाचे औषध किंवा डोळ्यांत घालायचे औषध घेताना "मला दमा आहे" हे आधी सांगा. त्यांतली काही औषधे दमा वाढवतात.

जोराचा झटका आला तर

ज्याला झटका आला आहे त्याला आडवे निजवू नका. ताठ बसवा, थोडे पुढे झुकवा. भोवतीची गर्दी हटवा. सुटकेचा पंप स्पेसरला लावा. एक दाब द्या, चार श्वास घेऊ द्या. असे एकामागून एक चार दाब द्या. चार मिनिटे थांबा. आराम नसेल तर पुन्हा चार दाब द्या, आणि १०८ या क्रमांकाला फोन करा. महाराष्ट्रात २०१४ सालापासून ही गाडी फुकट येते. गाडी येईपर्यंत असेच देत राहा. ज्यांना दोन्ही कामांसाठी एकच पंप दिला आहे, त्यांनी डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे करावे.

पुढील खुणा दिसल्या तर मुळीच वाट पाहू नका. एक वाक्य पुरे बोलवत नाही. ओठ, नखे निळसर पडतात. गळ्याजवळ आणि बरगड्यांमध्ये कातडी आत ओढली जाते. माणूस गुंगू लागतो. आणि एक फसवी खूण सांगतो. आधी जोरात वाजणारी छाती एकाएकी गप्प झाली, पण माणूस तसाच थकलेला, घाबरलेला आहे. तो बरा झाला असे समजू नका. हवाच आत जात नाही, म्हणून आवाज थांबला आहे. लगेच दवाखाना गाठा.

एक वही ठेवा

शाळेच्या पाठकोऱ्या वहीत चार रकाने आखा. तारीख, केलेले काम, झालेला त्रास, घेतलेले दाब. एवढेच लिहायचे. उदाहरणार्थ, "सोमवार. उफणणी केली. अर्धा तास खोकला. दोन दाब." "मंगळवार. पाणी भरले. आधी पंप घेतला होता. त्रास नाही." महिनाभर असे लिहा. तुमचा दमा कशाने उठतो आणि कशाने दबतो, ते तुमचे तुम्हालाच कळेल. ही वही डॉक्टरांना दाखवा. घाईच्या वेळी तोंडाने सांगायचे राहून जाते. लिहिलेले राहत नाही.

वहीच्या पहिल्या पानावर औषधांची नावे, रोजचे दाब आणि १०८ हा आकडा मोठ्या अक्षरांत लिहा. मुलाला दमा असेल तर तसेच एक पान लिहून शाळेत गुरुजींना द्या. पंप मुलाच्या दप्तरात असू द्या, गुरुजींच्या कपाटात कुलूप लावून नको.

वाचून झाल्यावर एकमेकांना विचारा:

१. साधा दम आणि दमा कसा ओळखाल?
२. धावण्याआधी किती मिनिटे अंग तापवावे?
३. तुमच्या घरातल्या पंपावर कोणते नाव आणि कोणती तारीख लिहिली आहे?
४. छाती वाजायची एकाएकी थांबली, तर काय कराल?